समुद्राकडच्या खिडक्यांना ब्लाइंड बसवले, वर्षभराने लिहितेय

घर आमचं रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्र अंगणातून दिसत नाही पण रात्री ऐकू येतो एवढ्या अंतरावर. जांभ्याचं जुनं घर, पुढे पडवी, आणि पश्चिमेला तीन खिडक्या. इतकी वर्षं कापडी पडदेच होते आणि दर पावसाळ्यात त्यांना ते बुरशीचे काळे ठिपके पडायचे, कितीही धुवा जात नाहीत. मग गेल्या मार्चमध्ये ठरवलं, पुरे झालं, आता ब्लाइंड. बसवल्या बसवल्या रिव्ह्यू लिहिणार होते पण राहून गेलं ते बरंच झालं, तेव्हा मी डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते.

दुकान शहरातलंच. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं तशी वाईट नाहीयेत.

तिथे गेलं की पहिल्यांदा कॅटलॉग हातात देतात आणि आपण तासभर रंग बघत बसतो. आम्हीही बसलो. दुकानदार झेब्रा ब्लाइंडच्या मागे लागला होता, सध्या सगळे तेच घेतात ताई वगैरे, नवराही विरघळलेला. पण झेब्रा म्हणजे एक आड एक जाळीच्या आणि जाड कापडाच्या पट्ट्या, पूर्ण बंद केला तरी फटींतून उजेड येतोच, आणि आम्हाला नेमका तोच नको होता. शेवटी हॉलच्या दोन खिडक्यांना सनस्क्रीनचा रोलर घेतला, ५ टक्के वाला. म्हणजे कापडात तेवढी छिद्रं मोकळी असतात, १ टक्का घेतला तर जास्त अडतं, १० घेतला तर बाहेरचं जास्त दिसतं. आमच्या इथे मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा खिडकीवरचा सज्जा पुरतो, खरा छळ चारनंतर, ऊन आडवं होऊन थेट सोफ्यावर येतं तेव्हा. तिथे या कापडाने चांगलं काम केलं, डोळे दिपत नाहीत आणि बाहेरची माडं पण दिसतात. फक्त एक गोष्ट दुकानात कुणी सांगितली नाही, रात्री आत दिवा लावला की सगळं उलटं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले दिसतो. ते मला शेजारच्या काकींनी सांगितलं, आणि तेही दोन आठवड्यांनी!

तिसरी खिडकी सासूबाईंच्या खोलीची, तिला ब्लॅकआऊट घेतला, दुपारची झोप होते म्हणून. पहिल्या दिवशी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अगो, भर दुपारची रात्र कशाला करून ठेवलीस?" आता त्यांना त्याशिवाय झोप येत नाही, तो भाग वेगळा.

भाव सनस्क्रीनचा १६० रुपये चौरस फूट पडला, फिटिंग धरून. बाथरूमची छोटी खिडकी सहा चौरस फुटांचीसुद्धा भरत नाही पण बिल दहा चौरस फुटांचं, कमीत कमी तेवढं लावतातच म्हणे. आधी विचारा. ती मी कॅन्सल केली. स्वयंपाकघरालाही काही घेतलं नाही, मासे तळल्यावर त्या कापडावर जे बसेल ते कोण धुणार, तिथे जुन्या सुती साडीचा पडदा आहे आणि तोच राहणार.

आता मापाचं. माप घ्यायला आलेल्या मुलाने हॉलच्या खिडकीची रुंदी एकदाच घेतली, वरच्या बाजूला, साडेसत्तेचाळीस इंच, लिहून निघाला पण. जुनं घर, कुठलाच कोपरा काटकोनात नाही, खाली तीच खिडकी पाऊण इंच कमी. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा होता, अर्ध्यापर्यंत आला आणि अडकून बसला. आत बसवायचा असेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घ्यायची आणि सगळ्यात कमी असेल ते धरायचं, हे मला नंतर कळलं पण त्या मुलाला आधी कळायला हवं होतं ना. परत नेऊन कापून आणला, पैसे घेतले नाहीत हे खरं, पण अकरा दिवस लागले आणि त्यात माझे सात फोन.

सासूबाईंच्या खोलीत वेगळीच मजा. त्यांची खिडकी जुनी, बाहेरून गज, झडपा आत उघडतात. आत ब्लाइंड लावला तर झडप कशी उघडणार, म्हणून चौकटीच्या बाहेर, खोलीतल्या भिंतीवर लावायचा ठरला. मुलाने ड्रिल लावलं आणि जांभा तो, लाल भुकटी नुसती ओतल्यासारखी खाली, भोक सहा मिलिमीटरचं पाडायला गेला ते झालं अंगठ्याएवढं. त्यात प्लास्टिकची गट्टी घातली आणि स्क्रू पिळला तर गट्टी स्क्रूसकट गोल फिरते! तरी त्याने कसंबसं बसवलं आणि आठव्या दिवशी एका बाजूने ब्लाइंड खाली लोंबायला लागला, नशीब खाली कुणी नव्हतं. मग आमच्या वाडीतल्या सुताराला बोलावलं. त्याने खिडकीच्या वर आडवी फळी टाकली, फणसाच्या लाकडाची, घरात पडलेलीच होती, ती चिऱ्यात न ठोकता सांध्यांत सिमेंटने खुंट्या बसवून त्यांवर मारली आणि ब्रॅकेट फळीवर. वर्ष झालं, हललेलं नाही. जांभ्याच्या घरात राहत असाल तर फिटिंगवाल्याला आधीच विचारा भिंतीत कसं धरणार, तो नुसता "होतं हो" म्हणाला तर सुताराचा नंबर शोधून ठेवा.

पण खरं पितळ उघडं पडलं ते जूननंतर. ब्रॅकेट पावडर कोटेड, दिसायला पांढरे शुभ्र, आणि दुकानात "स्टीलचेच" म्हणून सांगितलेले. गणपतीची साफसफाई काढली तेव्हा बघते तर स्क्रूच्या डोक्याभोवती गंज आणि तिथून कापडावर ओघळ, विड्याच्या पिचकारीसारखा. नवऱ्याने फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघितलं, टक्कन चिकटलं, म्हणजे साधं लोखंड. फोन केला तर म्हणे गंजाला वॉरंटी नाही. समुद्राकाठी दुकान चालवता आणि गंजाला वॉरंटी नाही! मग मिरकरवाड्याला, जिथे बोटींचं सामान मिळतं, तिथून ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणले. ३०४ पण स्टेनलेसच, पण खाऱ्या हवेत त्यालाही तांबूस डाग धरतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त तग धरतं, आणि हे मॅग्नेटने ओळखता येत नाही, विकणाऱ्यावरच भरवसा. लोखंडी ब्रॅकेट अजून तेच आहेत, घासून रंग मारलाय, बघू किती टिकतात. ओढायची साखळी मात्र मी प्लास्टिकचीच मागितली होती, त्या एका गोष्टीत शहाणी निघाले. आणि भाचरं सुट्टीत येतात म्हणून साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप लावून घेतली, लोंबती ठेवायची नाही, लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकते.

वारा सुटला की खालची पट्टी खिडकीवर रात्रभर टकटक करते, त्याला काही उपाय सापडलेला नाही. आम्ही गुंडाळून वर करून झोपतो.

आणि एवढं सगळं करून घरातली सगळ्यात कामाची वस्तू ठरली पडवीतली बांबूची चिक. आठ बाय सहाची, पन्नास रुपये फुटाने, गावातल्या बांबूवाल्याकडून, कॅटलॉग नाही, पावती पण नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर उष्णता आत खूपच कमी शिरते, रोलर आत असतो, तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. चिक सोडली की मागची खोली हाताला जाणवेल इतकी गार राहते. पूर्वी सासरे पडवीला दर पावसाळ्याआधी झापं बांधायचे, तोच प्रकार. हिच्यातही खोट आहेच, सुतळी पहिल्याच पावसात कुजली, आता नायलॉनची दोरी आहे, आणि मे अखेर सोडवून, झाडून, आत माळ्यावर ठेवावी लागते नाहीतर काळी पडते.

तर दुकानाला पाचपैकी अडीच, कापडाला चार, त्या मुलाच्या ड्रिलला शून्य. सुताराने फळी आणि खुंट्यांचे मिळून सहाशे घेतले आणि चहा दोनदा.