सकाळी उशिरा सुरू होणारी गाडी : सर्व्हिस सेंटरला द्यावी की मिस्त्रीला?

वॉरंटी संपलेली पेट्रोल गाडी रोज सकाळी लांबलचक सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसेल आणि एकदा सुरू झाल्यावर दिवसभर किल्ली फिरवताच उचलत असेल, तर नागपुरात तिच्यासाठी दोन दारे उघडी असतात: कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि आपल्या वस्तीतला मिस्त्री. याच एका तक्रारीसाठी मी माझी गाडी दोन्हीकडे नेली आहे, त्यामुळे पुढचे सारे विवेचन या तक्रारीपुरतेच समजावे. नियमित ऑइल बदलणे किंवा विम्यातून डेंटिंग-पेंटिंग करून घेणे यांचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे माझा कौलही कदाचित वेगळा पडेल.

निवड करण्यापूर्वी तक्रार कोणत्या जातीची आहे, हे स्वतः पाहून घ्यावे. सेल्फच जड फिरत असेल, डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील किंवा नुसता कटकट आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत, तिच्या टर्मिनलवर, अर्थिंगच्या वायरीत किंवा स्टार्टरच्या कार्बन ब्रशमध्ये सापडतो आणि मल्टिमीटर हाताळता येणारा कोणीही जाणता माणूस तो फार वेळ न घेता शोधू शकतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि आकडा १२.२ च्या खाली गेला की ती निम्म्याहून रिकामी झाली असे धरतात. नागपूरच्या उन्हात बॅटरी लवकर थकते, हे खरेच आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उष्णतेत बॅटरीतले पाणी लवकर उडते, प्लेटांची झीज वाढते, आणि उन्हाळ्यात मुरलेले हे दुखणे डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळच्या पहिल्या सेल्फला उघडे पडते. त्यामुळेच आपल्याकडे गाडी सुरू होत नाही असे म्हणताच समोरचा बॅटरीवर बोट ठेवतो. माझ्या गाडीचा सेल्फ मात्र खणखणीत फिरत होता. उचलायला वेळ लागत होता तो इंजिनाला. या दुसऱ्या जातीच्या तक्रारीतच दोन दारांमधला फरक दिसून येतो.

सर्व्हिस सेंटरमधली वागणूक सभ्य होती, हे आधी नोंदवतो. बसायला गार खोली, मोबाइलवर वेळोवेळी येणारे संदेश आणि संध्याकाळी धुऊन-पुसून मिळणारी गाडी यांत कुठेही कमतरता नव्हती. ॲडव्हायझरने माझे म्हणणे ऐकून घेतले, पण जॉब कार्डवर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढेच दोन शब्द लिहिले. ‘फक्त सकाळी’ हा त्यातला महत्त्वाचा भाग कागदावर आलाच नाही. संध्याकाळी उत्तर मिळाले की गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर कोणताही फॉल्ट कोड, म्हणजे दोषाची नोंद, नाही, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आहे, आणि खबरदारी म्हणून इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ केली आहे. तक्रार राहिली ती राहिलीच. पुढच्या खेपेला इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ झाले आणि त्यानंतर बॅटरी बदलण्याचा सल्ला आला.

खर्च झाला याचे मला तितके वाटले नाही. खुपत राहिले ते हे की तिथे कोणीही माझी गाडी थंड असताना सुरू करून पाहिली नाही. घरून चालवत नेलेली गाडी त्यांच्या दारात पोहोचते तेव्हाच गरम असते; मग त्यांचा ड्रायव्हर ती पार्किंगमध्ये लावतो, दुसरा रॅम्पवर चढवतो, तिसरा धुवायला नेतो, प्रत्येक वेळी ती झटकन उचलते, आणि दोष आढळला नाही अशी नोंद होते. गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळचा पहिला सेल्फ तुम्हीच मारा, अशी विनंती मी केली, तेव्हा गाडी त्याच दिवशी परत देण्याची पद्धत असल्याचे सांगण्यात आले. किमान काम करणाऱ्या मेकॅनिकशी बोलू द्यावे म्हटले, तर ग्राहकाला वर्कशॉपमध्ये जाता येत नाही असे उत्तर मिळाले. रात्री ताप चढणाऱ्या माणसाला रोज भर दुपारी तपासावे आणि प्रकृती उत्तम असल्याचे लिहून द्यावे, तशी ही तपासणी होती.

थंड गाडीचा माझा आग्रह हट्टापोटी नव्हता. पेट्रोलच्या इंजेक्शन इंजिनात टाकीतला विजेचा पंप इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत साधारण ३ ते ४ बार दाब ठेवतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो दाब टिकून राहावा म्हणून पंपाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे पंपाच्या अख्ख्या जोडणीत, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे फिरू न देणारी झडप) बसवलेला असतो. तो व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला की रात्रभरात दाब उतरतो आणि सकाळी पंपाला आधी तो नव्याने उभा करावा लागतो. तोवर सेल्फ नुसताच फिरत राहतो. दुपारच्या तासाभराच्या थांब्यानंतर दाब बऱ्यापैकी शिल्लक असल्याने तीच गाडी लगेच उचलते. साध्या पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांत या नळीवर दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे संगणकाला यातले काही कळत नाही आणि तो फॉल्ट कोडही नोंदवत नाही. स्कॅनर कोरा निघाला म्हणून गाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष या तक्रारीत काढताच येत नाही.

मिस्त्रीने पहिल्या भेटीत विचारले ते हेच, की अडचण दिवसभर येते की फक्त सकाळी. माझे उत्तर ऐकून तो म्हणाला, “काका, गाडी आज इथंच राहू द्या. रात्रभर थंडी होऊ द्या, सकाळी तुमच्यासमोर सेल्फ मारतो.” संध्याकाळीच त्याने नळीवर दाबाचा गेज लावून ठेवला आणि सकाळी काटा शून्याजवळ पडलेला मला दाखवला. मग किल्ली नुसती ऑन करून मागच्या सीटखालची पंपाची बारीक घरघर थांबेपर्यंत तो थांबला, किल्ली बंद केली, पुन्हा ऑन केली, आणि असे काही वेळा केल्यावर काटा वर चढला तेव्हा मारलेल्या पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. गेजशिवाय ही चाचणी कोणालाही आपल्या घरी करता येते, आणि गाडी कुठेही देण्यापूर्वी ती करून पाहावी असे मी आवर्जून सुचवीन. किल्ली अशी काही वेळा ऑन-ऑफ केल्यावर गाडी लगेच उचलली, तर संशय इंधनाच्या दाबाकडे वळवावा. दाब गळक्या इंजेक्टरमुळेही उतरू शकतो, पण तेव्हा सुरू होताना इंजिन अडखळते आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. माझ्या गाडीत तसे काही नव्हते. घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पंपाचे नवे मॉड्यूल आणून बसवले आणि सकाळची तक्रार गेली.

असे असले तरी सर्व्हिस सेंटरला सरसकट नाकारणे अन्यायाचे होईल. गाडी वॉरंटीत असेल तर तिकडेच जावे, कारण अशा दुरुस्तीचा खर्च तेव्हा सहसा कंपनीच्या माथी असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा सुटे भाग खुल्या बाजारात न देण्यावर आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारण्यावर आक्षेप घेतला होता. पण ते प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि काउंटरवर उभे राहून आदेशाचा हवाला देत भांडण्याची उमेद प्रत्येकात नसते. वॉरंटी संपली असली तरी चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का, हे आधी तपासावे. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधन पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या आणि दोषी पंप विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले होते. माझी गाडी निराळी होती आणि तिच्यासाठी असा कोणताही रिकॉल नव्हता, पण ज्यांच्या गाडीसाठी आहे त्यांनी मिस्त्रीला पैसे देण्याचे कारण नाही. इंजिनच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलणे किंवा किल्लीचे कोडिंग करणे ही कामेही अधिकृत ठिकाणीच निर्धास्तपणे होतात.

बिलाचा मुद्दाही त्यांच्याच बाजूने जातो. जीएसटीचे रीतसर बिल आणि जॉब कार्ड हाती असले की गाडी विकताना दाखवायला इतिहास राहतो, आणि सेवेत त्रुटी राहिली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते किंवा त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मिस्त्रीकडे बहुतेक वेळा वहीतला फाडलेला कागद मिळतो. म्हणून मी पार्टचे बिल दुकानातून माझ्या नावाने घ्यायला लावले, खोक्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घेतला आणि जुना पंप मागून घेतला. मिस्त्रीला यात वावगे वाटले नाही. ज्याला वाटेल, त्याच्याकडे गाडी न देणेच बरे.

मिस्त्रीही पारखूनच घ्यावा लागतो. ज्याच्याकडे दाबाचा गेज नाही, तो अंदाजाने आधी स्पार्क प्लग, मग कॉइल, मग बॅटरी असा क्रम लावील आणि सर्व्हिस सेंटरचाच अनुभव कमी दरात पुन्हा येईल. डिझेल गाडी असेल तर माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही, कारण तिथे ग्लो प्लगपासून उच्च दाबाच्या पंपापर्यंत वेगळीच मालिका असते आणि त्यासाठी डिझेल पंप-इंजेक्टरचे खास काम करणारा कारागीर गाठावा लागतो.

सर्व सर्व्हिस सेंटर सारखी नसतील, आणि कुठल्या तरी ठिकाणी जाणता, मन लावून ऐकणारा ॲडव्हायझर भेटेलही. त्यामुळे दोन्हीकडे आधी एवढेच विचारावे, की गाडी आज संध्याकाळी सोडली तर उद्या सकाळचा पहिला सेल्फ तुम्ही स्वतः माराल का आणि तेव्हा मला समोर उभे राहू द्याल का. सर्व्हिस सेंटरने हो म्हटले, तर बिल आणि हमी यांच्या जोरावर तिकडे जाण्यात काहीच गैर नाही. मला तो होकार फक्त मिस्त्रीकडून मिळाला, म्हणून गाडी आता त्याच्याकडेच जाते, आणि या उन्हाळ्यापूर्वी एसीचे काम काढायचे आहे तेही मी त्यालाच सांगून ठेवले आहे.