मोबाइलच्या ‘रेडिएशन कवचा’पासून सावध राहा

समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत आमच्या सोसायटीत दोघे जण ‘रेडिएशन जनजागृती’ करायला आले. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत त्यांनी आधी सगळ्यांना भरपूर घाबरवलं: कॅन्सर, झोप उडणं, गर्भाला धोका. मग फोनला चिकटवायची सोनेरी चिप आठशे रुपयांना आणि गळ्यात घालायचं ‘क्वांटम’ पेंडंट साडेतीन हजारांना विकायला काढलं. वहिनीला सातवा महिना लागलेला. आईनं तिच्यासाठी पेंडंट घेतलं आणि घरातल्या चारही फोनना चिपा लावल्या. साठवलेले पैसे गेलेच, पण येणाऱ्या बाळाच्या काळजीवर या लोकांनी धंदा केला, याचा संताप जास्त आहे.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्या दिवशी मी गावी होतो, पण एका शेजाऱ्यानं प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ काढला होता. लोकांचा विश्वास बसला तो या प्रात्यक्षिकामुळेच, म्हणून ते नीट सांगतो. विक्रेत्यानं एका काकांना कॉल लावायला सांगितला आणि लगेच लहरी मोजायचा मीटर फोनला टेकवला. आकडा चढला, मीटर किंचाळू लागला. मग बोलत बोलत सावकाश चिप चिकटवली आणि मीटर परत धरला, पण या वेळी चार बोटं लांब. आकडा खाली आला आणि टाळ्या पडल्या.

यात चिपचा काडीचाही संबंध नाही. कॉल लागताना फोन टॉवरला गाठण्यासाठी जास्त शक्तीनं लहरी सोडतो. संपर्क जुळला की टॉवरच त्याला शक्ती कमी करायला लावतो, म्हणजे बॅटरी वाचते आणि दुसऱ्यांच्या कॉलला अडथळा होत नाही. त्यातून अँटेनापासून जरा लांब गेलं की लहरींची तीव्रता झपाट्यानं उतरते. चिप न लावता आकडा तसाच उतरतो, हे मी आईला कॉलेजच्या मीटरवर दाखवलं.

त्याहून सोपी परीक्षा स्वयंपाकघरात झाली. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचे तीन-चार थर फोनभोवती फट न ठेवता गुंडाळले आणि त्याच्यावर कॉल केला. रिंग नाही, फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. फॉइल काढलं, चिप तशीच ठेवली, तर फोन वाजला. लहरी खरोखर अडल्या तर फोन मुका होतो. तो वाजतोय, म्हणजे त्यांची ये-जा चालू आहे. चिप थोड्याच लहरी अडवते असं कुणी म्हणालं, तर टॉवर गाठायला फोन उलट जोर वाढवतो.

विक्रेत्यांकडे एक कागदही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, हे खरं आहे. मात्र पुरावा मर्यादित आहे म्हणूनच तो गट, हे त्यांनी सांगितलं नाही. या लहरींत क्ष-किरणांसारखी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. भारतात फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. बहुतेक फोनवर *#०७# दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो. तरी काळजी वाटत असेल तर इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. अंतर वाढतं, आणि ते फुकट आहे.

पेंडंटचं प्रकरण मात्र जास्त गंभीर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं अशी दहा उत्पादनं तपासली. ‘५जी’पासून वाचवतो म्हणून विकलेल्या या वस्तू स्वतःच किरणोत्सारी निघाल्या! त्यात लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं. यापुढे अंगावर घालू नका, सुरक्षित जागी बाजूला ठेवा, असं त्यांनी लोकांना कळवलं. हे वाचल्याबरोबर मी वहिनीच्या गळ्यातलं पेंडंट काढायला लावलं. तुमच्या घरात असं काही असेल तर आजच काढा, विशेषतः गरोदर बाई किंवा लहान मूल घालत असेल तर.

पैसे परत मागितले तर नंबर बंद. पावतीवर ‘सहयोग राशी’ एवढंच, ना पत्ता ना जीएसटी क्रमांक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. १९५४ च्या जादूटोणा-उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ताईत आणि मंत्रासोबत ‘कवच’ हा शब्दही आहे, हे पोलिसांना दिलेल्या अर्जात लिहिलं. असे लोक तुमच्याकडे आले तर पावती आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा, जमलं तर व्हिडिओ काढा. आमच्याकडे तो होता म्हणून निदान दोघांचे चेहरे तरी पोलिसांना देता आले.