सारथी पोर्टलवरून दुचाकीचं लायसन्स आणि सोबत विमा: कुठे सुरळीत, कुठे अडतं

महाराष्ट्रात 2021 पासून लर्निंग लायसन्ससाठी आरटीओत जावं लागत नाही. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फी, परीक्षा सगळं घरून उरकतं आणि लायसन्सची पीडीएफ मिळते. लर्निंगपुरती ही सेवा उत्तम आहे. गाडीच्या एका वर्गाचे (विनागिअर, गिअरसह वगैरे) 150 रुपये आणि परीक्षेचे 50, एवढ्याच सरकारी फीसाठी एजंट धरायची काहीच गरज नाही. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, लागतं. नाव, पत्ता, जन्मतारीख थेट आधारवरून उचलली जाते आणि अर्जात बदलता येत नाही. आधारवर आडनाव चुकलेलं असेल तर आधी तिथे दुरुस्त करा, नाहीतर तीच चूक लायसन्सवर छापून येते.

सगळ्यात महाग पडणारी चूक वर्ग निवडताना होते. स्कूटर चालवणारी मंडळी ‘विनागिअर’ निवडून मोकळी होतात. पुढे बाइक घेतली की नव्याने लर्निंग, नव्याने फी, नव्याने चाचणी. वय 18 पूर्ण असेल तर सरळ ‘गिअरसह’ घ्या, त्यात स्कूटरही चालते. 16 ते 18 वयात फक्त 50 सीसीपर्यंतची विनागिअर गाडी मिळते, हे मुलांच्या हाती 110 सीसीची स्कूटर देणाऱ्या पालकांनी नीट वाचावं.

परीक्षेत 15 प्रश्न, 9 बरोबर हवेत. चिन्हं आणि रस्त्यावरचा अग्रक्रम एवढं पक्कं केलं तरी निभावतं. खरी उणीव इथेच आहे: घरबसल्या परीक्षेने रस्त्याचं काहीच शिकवलं जात नाही.

लर्निंगची मुदत 6 महिने. 30 दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अपॉइंटमेंट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मोठ्या शहरांत तारखा लवकर भरतात, आणि लर्निंग संपलं की पुन्हा पहिल्यापासून. चाचणीचे 300, लायसन्सचे 200, वर स्मार्ट कार्ड आणि टपालखर्च.

चाचणीला गिअरचीच गाडी न्या. आरसी, विमा, पीयूसी चालू हवेत. मित्राची गाडी नेत असाल तर तिच्या विम्याची तारीख आदल्या दिवशी बघा, या एका कागदापायी माघारी फिरावं लागू शकतं. आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर पुढच्या वळणावर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागीच कलंडते आणि पाय खाली येतोच. नापास झालात तर 7 दिवसांनी पुन्हा. तीनदा झालात तर 60 दिवस थांबा.

आता विमा, कारण तो लायसन्सला बांधलेला आहे. गाडीच्या नुकसानीचा क्लेम असो की मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच, चालवणाऱ्याचं लायसन्स त्या दिवशी वैध हवं. लर्निंगवाल्यालाही क्लेम मिळतो, पण नियम पाळले असतील तरच: पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, आणि मागे बसलेला असेल तर तो पक्कं लायसन्स असलेला शिकवणाराच. मैत्रिणीला मागे बसवून कॉलेजला जाणं यात बसत नाही. लायसन्सच नसताना कुणाला धडक दिली तर कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करू देतं. लायसन्स नसल्याचा दंड 5,000, विमा नसल्याचा पहिल्यांदा 2,000; पण त्या वसुलीपुढे हे आकडे किरकोळ आहेत.

नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, 5 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जून 2022 च्या दरांनी 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, 150 ते 350 ला 7,365, त्यावर 18 टक्के जीएसटी. हे दर सगळ्या कंपन्यांचे सारखेच. फरक पडतो तो ओडीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यात. शोरूमचीच पॉलिसी घेण्याची सक्ती नाही. दुसरीकडचा भाव विचारा, पण आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखा धरून तुलना करा. हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही खाली ओढलेला असतो. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर क्लेममध्ये 50 टक्के घसारा कापतात, आणि पडलेल्या स्कूटरचं नुकसान बहुतांश प्लास्टिकचंच असतं. म्हणून स्कूटरला पहिली काही वर्षं झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापणारं जोडकवच, घ्याच. अपघात कवच आधीच दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र घेतलेलं असेल तर तसं लिहून द्या, दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन मुदती असतात. थर्ड पार्टी 5 वर्षं, ओडी बहुधा एकच वर्ष. ‘5 वर्षांचा विमा आहे’ म्हणत अनेकांची ओडी दुसऱ्या वर्षीच बंद पडलेली असते, आणि गाडी चोरीला गेली की ते कळतं. संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. ओडीची ती तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.