सोलून चिकटवायचा वॉलपेपर : एका भिंतीपुरता उत्तम

खोलीचे रूप थोड्या खर्चात पालटायचे म्हटले की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो मागे गोंद लावूनच येणाऱ्या, मागचा कागद सोलून थेट भिंतीवर डकवायच्या वॉलपेपरचा. घरातील बैठकीच्या खोलीची एक भिंत आणि एका जुन्या कपाटाची दारे यांवर तो लावला, बराच काळ वापरला आणि पुढे त्याचा काही भाग काढूनही पाहिला. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू कामाची आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र वेष्टनावर ‘कोणत्याही पृष्ठभागावर’ आणि ‘मागे खूण न ठेवता’ अशी जी दोन आश्वासने छापलेली असतात, त्यांपैकी पहिले पूर्णपणे आणि दुसरे बऱ्याच अंशी भिंतीवर अवलंबून आहे, हे घेण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

या प्रकारचे बहुतेक रोल विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, पातळ थराचे असतात. त्याच्या पाठीवर दाबाने चिकटणारा गोंद असतो आणि त्या गोंदावर सिलिकॉनचा लेप दिलेला, सहज सुटणारा कागद. हा गोंद खळीसारखा ओला लावून वाळवायचा नसतो. दाब पडला की तो पृष्ठभागावर हळूहळू पसरत जातो आणि त्यामुळे त्याची पकड पहिल्या काही तासांपेक्षा पुढच्या काही दिवसांत अधिक घट्ट होते. खडबडीत गिलाव्यावर त्याचा स्पर्श फक्त उंचवट्यांना होतो आणि काही दिवसांतच कडा सुटू लागतात. चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या रंगाच्या भिंतीवर गोंद आपले काम चोख बजावतो, पण तो भिंतीला न धरता भुकटीला धरतो. तळहात भिंतीवरून फिरवून पाहावा. हाताला पांढरे लागले तर आधी प्रायमर लावणे आले, आणि तो खर्च वॉलपेपरच्या हिशेबात धरला पाहिजे. याहून चांगली परीक्षा म्हणजे रुंद चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर घट्ट दाबून दुसऱ्या दिवशी ओढून काढणे. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला, तर वॉलपेपर काढतानाही तेच होणार.

ओल असलेल्या भिंतीबद्दल तर चर्चाच नको. विनाइलमधून बाष्प बाहेर पडत नाही, त्यामुळे ओल आत कोंडते, मागे बुरशी धरते आणि डाग झाकण्यासाठी लावलेल्या थराखाली तो डाग आरामात वाढत राहतो. नव्याने रंगवलेली भिंतही लगेच चालत नाही. रंग हाताला कोरडा लागला तरी तो आतून पक्का व्हायला साधारण 3 ते 4 आठवडे लागतात, आणि तोवर त्यातून सुटणारी वाफ विनाइलखाली फुगे धरते.

किती रोल लागतील, हा हिशेब क्षेत्रफळावर केला तर हमखास चुकतो. सर्रास मिळणारा रोल 45 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब, म्हणजे 4.5 चौरस मीटरचा असतो. 3 मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच भिंतीचे क्षेत्रफळ होते 8.1 चौरस मीटर. तेव्हा दोन रोल पुरावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या रुंदीला 7 पट्टे लागतात, वर-खाली कापण्यासाठी थोडी जादा लांबी धरली तर प्रत्येक पट्टा 2.8 मीटरचा होतो आणि एका रोलमधून असे तीनच पट्टे निघतात. म्हणजे तीन रोल. रंग सपाट असेल तर प्रत्येक पूर्ण रोलमागे दीड मीटरहून थोडा जास्त तुकडा उरतो, जो कप्प्यांत अंथरता येतो; मोठी नक्षी असेल तर शेजारच्या पट्ट्याशी ती जुळवण्यात हा उरलेला भाग बारीक तुकड्यांत वाटला जातो. सगळे रोल एकाच बॅच क्रमांकाचे आहेत ना, हेही पाहावे, कारण वेगळ्या बॅचमधील छटेचा फरक भिंतीवर शेजारी शेजारी लागल्यावरच लक्षात येतो.

लावण्याचे काम अवघड नाही, पण एकट्याने करण्याचे नाही. एकाने वरची कड सांभाळायची आणि दुसऱ्याने खालून कागद सोलत जायचे, अशी वाटणी लागते. घरातील कोपरे आणि छत बहुधा काटकोनात नसतात, म्हणून पहिला पट्टा कोपऱ्याला टेकवून न लावता ओळंबा सोडून, पेन्सिलीची उभी रेघ मारून त्या रेघेवर लावावा. पहिला तिरका गेला की सातव्यापर्यंत तिरकेपणा वाढतच जातो. उभ्या पट्ट्यांची नक्षी तर भिंतीचा बाक लपवण्याऐवजी सर्वांना दाखवते. एकदम सगळा कागद न सोलता वरचा वीतभर भाग सोलून चिकटवावा आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडांकडे दाबत खाली यावे. राहिलेला फुगा टाचणीने टोचून दाबला की बसतो, सुरकुती मात्र बसत नाही. तेवढा भाग हलकेच उचलून पुन्हा लावावा लागतो. कटरचे पाते दर दोन-तीन कापांनंतर मोडून नवे टोक घेतले, तरच विनाइल फाटत नाही. या एका बाबतीत काटकसर करू नये. स्विचबोर्डाभोवती कापण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा, हे सांगायला हवेच.

दिसायला कसे दिसते? समोरून पाहताना फार छान. आमच्या भिंतीला फिकट राखाडी-हिरवा, चकाकी नसलेला वॉलपेपर लावल्यानंतर खोली शांत वाटू लागली आणि जुने फर्निचरही तिच्यासमोर बरे दिसू लागले. पण खिडकी त्याच भिंतीला लागून असल्याने सकाळचा तिरका प्रकाश पडला की प्रत्येक सांधा आणि लांबी (भिंतीला लावायची पुट्टी) नीट न घासलेली प्रत्येक जागा ठळक होते. चकचकीत प्रकार घेतला असता, तर हा दोष कितीतरी वाढला असता. विनाइल काळाबरोबर किंचित आकसते, त्यामुळे टोकाला टोक लावलेल्या सांध्यांत पुढे बारीक फट दिसू लागते. पट्टे एक-दोन मिलिमीटर एकमेकांवर घेतल्यास ती टळते, पण सांधा थोडा जाड दिसतो. दोहोंपैकी मला जाड सांधा पत्करला.

नमुन्याचा तुकडा दिवसा आणि दिव्याच्या उजेडात असा दोन्ही वेळा पाहणे आवश्यक आहे, आणि याच ठिकाणी एक विषयांतर. याच खोलीतील 6500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा काढून 3000 केल्विनचा पिवळसर, रंग खरे दाखवणारा, म्हणजे 90 किंवा त्याहून अधिक सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी निर्देशांक) दिवा लावल्यावर खोलीत जो फरक पडला, तो वॉलपेपरने पडलेल्या फरकाच्या जवळपास जाणारा होता. बजेट खरोखर अगदीच तोकडे असेल तर सुरुवात दिव्यापासून करावी, असेच मी म्हणेन.

रंगाशी तुलना केली तर वॉलपेपर नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. गुळगुळीत भिंतीवर 1 लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) एका हातात, म्हणजे एका थरात, साधारण 10 ते 12 चौरस मीटरला पुरते. वरच्याच भिंतीला दोन हात द्यायला दीड लिटरच्या आसपास रंग लागेल, तर वॉलपेपरचे तीन रोल. चारही भिंती बदलायच्या असतील आणि हातात ब्रश धरण्याची तयारी असेल, तर रंगच घ्यावा. वॉलपेपरची बाजू जड होते ती नक्षी हवी असेल तेव्हा, भाड्याच्या घरात, किंवा रंगाचा वास आणि पसारा नको असेल तेव्हा. शेगडीमागे आणि वाफेने भरणाऱ्या न्हाणीघरात मात्र तो लावू नये. उष्णतेने विनाइल मऊ पडते आणि वाफेने कडा उचलतात.

याउलट कपाटाच्या दारांवर त्याने अपेक्षेपेक्षा सरस काम दिले. लॅमिनेटचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यातून भुकटी सुटण्याचा प्रश्न नाही, आणि पाणी व साबणाने तेलकटपणा पुसून घेतला की पकड पक्की बसते. मुठी काढून, वॉलपेपर दाराच्या कडेवरून आत वळवून पुन्हा मुठी बसवल्या, तर तो कडेला उचलत नाही.

काढण्याची परीक्षा मी भिंतीच्या खिडकीकडील पट्ट्यावर घेतली. केस वाळवण्याच्या यंत्राने कड कोमट करून, पट्टा स्वतःकडे न ओढता भिंतीला जवळजवळ समांतर असा सावकाश खाली ओढला. पक्क्या रंगाच्या भागावरून तो अलगद निघाला आणि मागे राहिलेला थोडा चिकटपणा साबणाच्या कोमट पाण्याने गेला. खिडकीच्या चौकटीलगत, जिथे रंग पूर्वीच सैल झाला होता, तिथे मात्र तळहाताएवढे पोपडे निघून आले, आणि तेवढ्या जागेला लांबी भरून पुन्हा रंग द्यावा लागला.