दिवे झकास, पण गाडी कळत नाही: एचओ मापाचा क्रॉसिंग सिग्नल संच

ऑनलाइन बाजारात मिळणारा हा मॉडेल रेल्वेचा संच एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७, आणि अमेरिकी पद्धतीच्या लेव्हल क्रॉसिंगचा (रस्ता रूळ ओलांडतो त्या फाटकाचा). दोन खांब, प्रत्येकावर फुलीची पाटी, पुढे दोन आणि मागे दोन असे चार लाल दिवे, आणि ते आळीपाळीने लुकलुकवणारा काडेपेटीपेक्षाही छोटा बोर्ड. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव नसतं. तोच माल चार विक्रेते चार नावांनी विकतात, त्यामुळे नाव शोधत बसू नये.

आधी जमेची बाजू. खांब पितळी नळीचा आहे, प्लॅस्टिकचा नाही, म्हणून कोपर लागला तर वाकतो पण तुटत नाही. दिवे ३ मिमीच्या एलईडीचे. अमेरिकेत जुन्या क्रॉसिंगवर ८ ३/८ इंची भिंगं असायची, आता १२ इंची असतात. १:८७ मापात ती अनुक्रमे साधारण २.४ आणि ३.५ मिमी भरतात, म्हणजे ३ मिमीचा दिवा बरोबर मधे बसतो. दिव्यामागची काळी तबकडी मात्र आधी मोजून घ्यावी. खरी बरेचदा २० इंची असते, म्हणजे मॉडेलवर ५.८ मिमी हवी. लहान निघाली तर काळ्या कार्डाची गोल चकती चिकटवता येते. ट्रेन बघणाऱ्यांत गाडीपेक्षा फाटकच टिपायला जाणारी एक जमात आहे, जी १९०९ पासून कॅलिफोर्नियात हलू लागलेल्या 'विगवॅग' लंबकांसाठीही (लाल दिव्याची तबकडी झुलवणारे जुने क्रॉसिंग सिग्नल) मैलोन्‌मैल गाडी हाणते. त्यांच्या नजरेला लहान तबकडी लगेच खुपते.

जोडणीत पहिली गोची तारेची. खांबाच्या बुडातून तीन केसासारख्या तारा निघतात: एक सामायिक धन, दोन ऋण. तारेवर एनॅमलचा लेप असतो आणि तो न काढता डाग दिला की वरून जोड दिसतो, आत वीजच जात नाही. टोकाचा ५ मिमी भाग बारीक सँडपेपरच्या घडीत धरून दोनदा ओढावा, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आधी कथिल चढवावं, मगच जोडावं. तार ओढून ताणायची नाही, कारण ती आत एलईडीच्या पायालाच तुटते. ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावून चारही दिवे टेबलावरच तपासावेत. खांब लेआउटवर (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर) चिकटवल्यावर कळलेला बिघाड काही उपयोगाचा नाही. १२ व्होल्टवर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १ किलोओहम लावला की १० मिलिअँपिअर जातात आणि तेवढे पुरतात. दोन एलईडींना मिळून एकच रेझिस्टर दिला तर एक उजळ, एक मंद असं होतं.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याचा वेग. अमेरिकी नियमात प्रत्येक दिवा मिनिटाला ३५ ते ६५ वेळा लागतो. संचातला बोर्ड याहून बराच घाईत असतो, गणपतीच्या आराशीतल्या माळेसारखा. त्यावर वेग बदलायचा स्क्रू नसेल तर तो बाजूला ठेवून ५५५ या टायमर आयसीचं सर्किट करावं: वरचा रेझिस्टर १० किलोओहम, खालचा ८२ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. मिनिटाला जवळपास ५० चा ठेका मिळतो आणि दोन्ही बाजू सारखा वेळ पेटतात. धन सामायिक असल्यामुळे एक बाजू थेट आयसीच्या तिसऱ्या पायाला जाते. दुसरीसाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लागतो, त्याच्या बेसला त्याच पायावरून २.२ किलोओहम. इथे हमखास चुकणारी जागा अशी: ५५५ चा पाय 'वर' असतानाही पूर्ण १२ व्होल्ट देत नाही, दीडेक व्होल्ट कमी पडतो. तेवढ्यावर थेट जोडलेली बाजू अंधारात अंधुक मिणमिणत राहते. त्या बाजूच्या ओळीत एक १एन ४१४८ डायोड टाकला की ती ठार विझते.

आता खरी तक्रार. संचाला गाडी आली हे कळतच नाही. विजेचं बटण दाबलं की लुकलुक सुरू, सोडलं की बंद. काही विक्रेते सोबत एक इन्फ्रारेड सेन्सर आणि टायमर देतात, पण त्याने लांब मालगाडीचे निम्मे डबे अजून रस्त्यावर असतानाच दिवे विझतात. खऱ्या क्रॉसिंगवर रुळांचे तीन विद्युत तुकडे असतात: दोन्हीकडचे दोन लांब आणि रस्त्याखालचा मधला, ज्याला तिकडे 'आयलंड' म्हणतात. गाडी लांबच्या तुकड्यावर आली की सिग्नल सुरू होतो, शेवटचा डबा आयलंडवरून उतरला की लगेच बंद. पुढच्या तुकड्यावर गाडी अजून असली तरी ती दूर चाललीय हे यंत्रणा ध्यानात ठेवते. शिवाय वीज गेली तर बॅटरी असते आणि रूळ तुटला तर दिवे आपोआप सुरू होतात. मॉडेलमध्ये तार तुटली की दिवे गप्प.

हे नीट करायचं तर चार सेन्सर आणि एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लागते. टीसीआरटी ५००० चे, म्हणजे परावर्तित इन्फ्रारेड ओळखणारे, सेन्सर स्लीपर कापून १६.५ मिमीच्या रुळांमध्ये बसतात. त्यांचा उत्तम पल्ला अडीच मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे ते खोल गाडायचे नाहीत. डब्याचं बूड काळं असेल तर परावर्तन होत नाही, तिथे पांढऱ्या कागदाची छोटी पट्टी चिकटवावी. खिडकीतून थेट ऊन आलं की सेन्सर बहिरा होतो. दोन डब्यांमधल्या फटीत तो क्षणभर 'मोकळा' म्हणतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये शेवटच्या अडथळ्यानंतर दोन सेकंद थांबण्याची सोय हवी. गाडी मधूनच हाताने उचलली तर यंत्रणा वाट बघत अडकते, त्यासाठी मिनिटभराने आपोआप रीसेट ठेवावा.

अंतराचं गणित मात्र निराश करतं. अमेरिकेत गाडी पोचण्यापूर्वी किमान २० सेकंद इशारा लागतो. ताशी ६० किमीची गाडी १:८७ मापात सेकंदाला १९ सेंमी चालते, म्हणजे सेन्सर ३.८ मीटर आधी हवा. ८ बाय ४ फुटांच्या फळीवर ते शक्य नाही. १.३ मीटरवर बसवून सात सेकंद मिळतात. गाडी निम्म्या वेगाने चालवली तर चौदा, आणि डोळ्याला तेवढं पटतं. फाटकाचा दांडा बसवायचा असेल तर एसजी ९० सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) पुरतो. दिवे लागल्यावर तीन सेकंदांनीच तो खाली यायला लागला पाहिजे. दिवे आणि दांडा एकदम सुरू झाले की सगळं खेळण्यातलं वाटतं.

भारतीय लेआउट करणाऱ्यांनी हा संच घेऊ नये. आपलं ब्रॉडगेज फाटक म्हणजे गेटमनची खोली, वर उचलले जाणारे अडसर, मधोमध लाल तबकडी, आणि ६०० मीटर आधी ड्रायव्हरला फाटकासाठी शिट्टी वाजवायला सांगणारी 'सी/फा'ची पाटी. ती पाटी मापात ६.९ मीटरवर येते, म्हणजे बहुतेक घरांत शेजाऱ्याच्या हॉलमध्ये. मुळात १६७६ मिमीचं आपलं गेज (दोन रुळांमधलं अंतर) या मापात १९.३ मिमी व्हायला हवं, १६.५ च्या रुळावर ते आधीच आखडलेलं असतं.

अमेरिकी लेआउटसाठी घ्यायचाच असेल तर बोर्डाशिवाय नुसते खांब मिळतात का ते बघावं, आणि दोन लागत असतील तर तीन मागवावेत. एलईडी गेला की त्या बारीक नळीतून नवी तार ओवता येत नाही, अख्खा खांबच बदलावा लागतो.