जीप्रेडिक्ट: वर्षभराच्या वापरानंतर

हौशी रेडिओ उपग्रहांचा मागोवा घेणारी ‘जीप्रेडिक्ट’ ही मोफत संगणकप्रणाली मी गेले वर्षभर पुण्यातल्या आमच्या गच्चीवर, हाती धरायचा यागी (एका दिशेने रोखायचा) अँटेना आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक) यांच्या जोडीने वापरत आहे. तिचे खरे मोल डॉप्लर दुरुस्तीत, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे सरकणारी वारंवारता जुळवून घेण्यात आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे १४५.८२५ मेगाहर्ट्झवरचे पॅकेट (डिजिटल मजकुराचे) संदेश जेमतेम ३.५ किलोहर्ट्झ सरकतात, त्यामुळे डायरवुल्फ हा सॉफ्टवेअर मोडेम १२०० बॉड वेगाचे ते संदेश दुरुस्तीविनाही बरेचदा उलगडतो, मात्र ४३७.८०० मेगाहर्ट्झवरचा रिपीटर (आलेला संदेश पुन्हा प्रसारित करणारे यंत्र), स्थानक जवळ येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना जवळपास तितकाच खाली सापडतो, आणि तिथे जीप्रेडिक्ट, जीक्यूआरएक्स या रेडिओ ऐकण्याच्या संगणकप्रणालीची वारंवारता आपणहून सरकवत नेते. एक हात अँटेनाला गुंतलेला असताना ही केवढी सोय आहे, ते गच्चीवर उभे राहिल्यावरच कळते.

कक्षेची माहिती मात्र ताजी हवी. ती अद्ययावत करायला मी तीन आठवडे विसरलो, तेव्हा स्थानक दाखवलेल्या वेळेआधीच डोक्यावरून निघून गेले. चूक अर्थातच माझी. मांडणी जुनाट वाटते, आणि रेडिओ-नियंत्रणाची खिडकी कोपऱ्यातल्या एका बारीक बाणाखाली दडलेली असल्यामुळे नवख्याला ती पहिल्या दिवशी सापडेलच असे नाही.