शेवाळ घालवायला शेवाळ: अल्गी स्क्रबरचे आठ महिने

आधीच सांगतो, अल्गी स्क्रबर म्हणजे काही जादू नाहीये. माझी खाऱ्या पाण्याची टाकी 200 लिटरची, ठाण्यात, त्यात मश्रूम, झोआ आणि एक लेदर, सगळी मऊ कोरल (कडक कोरल वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट 1 मधे येतात, त्या भानगडीत मी पडत नाही). उन्हाळ्यात आरओची मेम्ब्रेन गेली आणि मी आळशासारखं टँकरचं पाणी ओतत राहिलो, दोन महिन्यांत दगडांवर बोटभर हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ. गंमत म्हणजे टेस्टमधे फॉस्फेट जवळपास शून्यच यायचं, कारण होतं तेवढं शेवाळच खाऊन बसलेलं, हे डोक्यात शिरायला फार वेळ गेला.

स्क्रबर म्हणजे खरवडून खडबडीत केलेली प्लास्टिकची जाळी, तिच्यावर वरून पाण्याचा पडदा आणि दोन्ही बाजूंनी लाल एलईडी. शेवाळ वाढायचंच असेल तर जाळीवर वाढू दे, आठवड्याला खरवडून फेकायचं, फॉस्फेट नायट्रेट त्याच्याबरोबर घराबाहेर. बायको म्हणाली, पैसे देऊन शेवाळ पोसतोयस. बरोबरच आहे तिचं. ठोकताळा असा की रोज माशांच्या गोठवलेल्या खाण्याची एक वडी (फ्रोझन क्यूब) घालत असाल तर 12 चौरस इंच जाळी पुरते, मी हौसेने दुप्पट लावली आणि तेच पुढे नडलं.

पहिले तीन आठवडे नुसता तपकिरी चिकटा, मग हिरवं धरलं. टाकीत फरक तिसऱ्या महिन्यात दिसला, तोही नवी मेम्ब्रेन बसवून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावर आणला आणि दर रविवारी टूथब्रश घेऊन केस उपटत बसलो म्हणून.

पाचव्या महिन्यात फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही खरंच शून्य, मी खुश, आणि पंधरा दिवसांत वाळूवर बुडबुडे अडकलेले शेंबडासारखे तपकिरी धागे. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, पाण्यातलं पोषण शून्यावर गेलं की माजणारे सूक्ष्मजीव! चार टर्बो गोगलगायी गेल्या. त्यापेक्षा केस परवडले असते. स्क्रबरची लाइट 18 तासांवरून 9 वर आणली, अर्धी जाळी कापली, खाणं वाढवलं, फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास धरून ठेवलं तेव्हा कुठे दीड महिन्याने आटोक्यात आलं.

बाकी कटकटी: कडेला मिठाची पापडी धरते, भिंतीचा रंग गेला, रात्री धबधब्याचा आवाज येतो, आणि वीज गेली की जाळी वाळते म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्यावा लागला. जाळी गोड्या पाण्यात धुवा पण एका वेळी अर्धीच.

आता आठवड्याला वाटीभर निघतं. एकदा ते खत म्हणून तुळशीला घातलं, मीठ धुवायचं राहिलं, तुळस वाळली, आई अजून ऐकवते.